दात कागदात, दूध चहात

मधली सुट्टी संपायला पाच मिनिटे उरलेली असतात. पकडापकडी ऐन रंगात आलेली असते. तिसरीतला एक मुलगा मागे बघत धावतो आणि व्हरांड्याच्या कठड्यावर तोंडावर आपटतो. ओठ फुटतो, रक्त येते आणि वरचा पुढचा दात अख्खाच्या अख्खा फरशीवर पडलेला सापडतो. वर्गाच्या बाई धावत येतात. मुलाला जवळ घेतात, तोंड धुऊन देतात, घरी फोन लावतात. दात हरवू नये म्हणून तो वहीच्या कागदात नीट गुंडाळून कंपासपेटीत ठेवतात. आई कामावरून सुटून येते आणि मुलाला घेऊन दवाखाना गाठते, तोवर दिवेलागण झालेली असते. कंपासपेटी उघडली जाते. आतला दात दिसायला शाबूत असतो, पण त्याच्या मुळावरचा जीव केव्हाच गेलेला असतो.

असा प्रसंग कुठल्याही गावात, कुठल्याही शाळेत घडू शकतो. यात कोणाचीही हयगय नाही. बाईंनी माया दाखवली, आईने धावपळ केली. चुकले ते एवढेच, की शिक्षकांच्या खोलीत दहा पावलांवर चहासाठी आणलेले दूध होते आणि दात मात्र कागदात गेला. तो त्या थंड दुधात टाकला असता, तर वाचण्याची शक्यता बरीच वाढली असती. बाईंनी तो तिथल्या तिथे जागेवर बसवला असता, तर त्याहूनही अधिक. ही माहिती अवघड नाही आणि महागही नाही. ती फक्त हव्या त्या वेळी हव्या त्या माणसाजवळ नसते.

दुखापत लहान, हिशेब मोठा

मुलांचे पडणे-झडणे आपल्याकडे फार मनावर घेतले जात नाही. ‘पडल्याशिवाय मूल वाढत नाही’ हे खरेच आहे. पण दातांच्या दुखापतींचा पसारा लोक समजतात त्याहून मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे १०० कोटी माणसांना तोंडाला वा दातांना इजा झालेली आहे आणि १२ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात साधारण आठ. तोंड हा शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम एक टक्का. तरी शाळेत जाण्यापूर्वीच्या वयात एकूण दुखापतींमध्ये त्याचा वाटा कितीतरी पटींनी जास्त असतो. कारण सरळ आहे. नुकते चालू लागलेले मूल पडताना हात पुढे टाकायला अजून शिकलेले नसते. डोके जड, पाय डळमळीत, त्यामुळे आधी आपटते ते तोंड.

दात गेल्याचा हिशेब त्या दिवसापुरता नसतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा पुढचा कायमचा दात गेला, तर त्या जागी इम्प्लांट बसवता येत नाही, कारण जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. म्हणजे मूल अठराच्या पुढे जाईपर्यंत. तोवर काढता-घालता येणारा दात, चिकटवलेला दात, वारंवारच्या फेऱ्या आणि खर्च. दात नसलेल्या जागचे हाड झिजत जाते ते वेगळेच. फोटो काढताना तोंड मिटून घेणारे, वर्गात हात वर न करणारे मूल या हिशेबात कुठेच धरले जात नाही.

आधी ओळखा, दात कोणता?

दात पडल्यावर पहिला प्रश्न असा: तो दुधाचा की कायमचा? दोन्हींचे नियम एकमेकांच्या अगदी उलट आहेत. कायमचा दात निखळला तर तो शक्य तितक्या लवकर परत जागेवर बसवायचा असतो. दुधाचा दात निखळला तर तो कधीही परत बसवायचा नसतो.

दुधाचे दात वीस असतात. साधारण सहाव्या महिन्यापासून ते येऊ लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. सहा-सात वर्षांच्या सुमारास खालचे पुढचे दात बदलतात, सात-आठच्या सुमारास वरचे. त्यामुळे पाच वर्षांखालील मुलाचा पुढचा दात निखळला, तर तो दुधाचाच धरून चालावे. सहा ते आठ या वयात मात्र घोळ होऊ शकतो. दुधाचा दात लहान आणि जास्त पांढरा असतो. कायमचा दात आकाराने मोठा, किंचित पिवळसर असतो आणि नवा असेल तर त्याच्या कडेला बारीक कंगोरे दिसतात. तरीही खात्री नसेल, तर दात बसवण्याच्या भानगडीत न पडता तो दुधात ठेवावा आणि मुलासकट दंतवैद्याकडे न्यावा. निवाडा त्यांनी करावा.

आपल्याकडे पडलेला दुधाचा दात छपरावर टाकण्याची, तुळशीपाशी पुरण्याची किंवा उंदीरमामाला देऊन त्याच्याकडून नवा मागण्याची गंमत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आपणहून हलून पडलेल्या दातासाठी ती खुशाल चालू ठेवावी. मार लागून निखळलेला दात मात्र छपरावर जाता कामा नये. तो दुधाचा असला, तरी पूर्ण निघाला आहे की तुकडा आत राहिला आहे हे पाहण्यासाठी दंतवैद्याला दाखवावा लागतो.

मुळाला हात लावू नका

कायमचा दात निखळला, तर पुढची पंधरा मिनिटे सोन्याची असतात. दाताच्या मुळाभोवती जिवंत पेशी आणि तंतूंचा पातळ थर असतो. हेच तंतू दाताला हाडाशी बांधून ठेवतात. दात बाहेर पडतो तेव्हा ते तुटतात, पण मुळावर चिकटलेल्या पेशी काही काळ जिवंत असतात. दात जागेवर गेला तर त्या पुन्हा जोड धरतात. कोरड्या हवेत मात्र त्या वेगाने मरतात. तासभर दात कोरडा राहिला, तर त्यातल्या बहुतेक पेशी मेलेल्या असतात असे धरले जाते. कागद, कापूस, रुमाल, टिश्यू यांत गुंडाळणे म्हणजे उरलासुरला ओलावाही टिपून घेणे.

म्हणून क्रम असा. प्रथम मुलाकडे पाहावे. ते बेशुद्ध झाले होते का, उलट्या होताहेत का, गुंगी येते आहे का, बोलणे विसंगत आहे का, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येते आहे का? यातले काहीही असेल, तर दाताचा विचार बाजूला ठेवून मुलाला थेट रुग्णालयात न्यावे. डोक्याचा मार दाताहून मोठा असतो.

तसे काही नसेल तर दात शोधावा. तो पांढऱ्या, एरवी तोंडात दिसणाऱ्या भागाने उचलावा. मुळाला बोट लावू नये. माती लागली असेल तर दूध किंवा सलाइनने हलकेच धुवावा. ते जवळ नसेल तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली काही सेकंद धरावा, त्याहून जास्त नाही. घासू नये, खरवडू नये, साबण किंवा जंतुनाशक लावू नये, हळद तर मुळीच नाही. मग दाताची गुळगुळीत बाजू ओठाकडे येईल अशा बेताने तो हलक्या हाताने रिकाम्या जागी बसवावा आणि मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगावे. शेजारच्या दाताकडे पाहिले की दिशा कळते. हे ऐकायला भीतिदायक वाटते. पण जखम ताजी असताना दात बरेचदा सहज जागेवर जातो. थोडा तिरका बसला तरी दंतवैद्य तो नंतर सरळ करू शकतात. मेलेल्या पेशी मात्र कोणी परत आणू शकत नाही.

मूल घाबरून तोंड उघडत नसेल, किंवा बसवणाऱ्याचा धीर होत नसेल, तर दूध हा दुसरा उत्तम उपाय. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात, कारण पेशींच्या आतले क्षार पाण्यात नसतात. दुधातील क्षारांचे प्रमाण पेशींना मानवणारे असते आणि ते आम्लधर्मीही फारसे नसते. पिशवीतले साधे थंड दूध चालते. तापवलेले असेल तर पूर्ण गार झालेले हवे. साखर घातलेले, मसाला दूध, दही किंवा ताक नको. दूध नसेल तर सलाइन, तेही नसेल तर वाटीत मुलालाच थुंकायला लावून त्या लाळेत दात ठेवावा. समजूतदार मोठ्या मुलाला दात गालाच्या आत धरायला सांगता येते. लहान मुलाला नाही, तो गिळला जाण्याचा धोका असतो. नारळाच्या पाण्यावरही भारतात प्रयोग झाले आहेत. पण शहाळे शोधत फिरण्यात वेळ घालवण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरून कपभर थंड दूध मागून घेणे शहाणपणाचे. काहीच हाती नसेल तर साधे पाणीसुद्धा कोरड्या कागदापेक्षा बरे.

दाताचा नुसता तुकडा पडला असेल, तर तोही शोधून पाण्यात किंवा दुधात घालून न्यावा. अनेकदा तोच तुकडा परत चिकटवता येतो. तुकडा सापडत नसेल आणि ओठ सुजून फाटला असेल, तर तो ओठात रुतलेला असू शकतो. हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दात सापडत नाही आणि मुलाला खोकल्याची उबळ येते आहे किंवा श्वास लागतो आहे, तर तो श्वासनलिकेत गेल्याची शंका घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

यातला प्रत्येक नियम गेल्या अर्धशतकातील संशोधनातून घडला आहे. डेन्मार्कमधील कोपनहेगनचे शल्यविशारद येन्स ओवे आंद्रेआसेन यांनी आयुष्यभर याच विषयाचा ध्यास घेतला. निखळलेला दात पुन्हा कसा रुजतो, केव्हा रुजत नाही, याचे शास्त्र त्यांच्यामुळे उभे राहिले. दंतआघातशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना त्यावर आधारित मार्गदर्शक तत्त्वे वेळोवेळी सुधारून प्रसिद्ध करते. ‘टूथ एसओएस’ नावाचे तिचे मोफत मोबाइल अ‍ॅपही आहे.

दुधाच्या दाताला दुखापत झाली तर

‘दुधाचाच तर दात, पुन्हा येणारच आहे’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. दुधाच्या दाताच्या मुळाच्या टोकाशी, हाडाच्या आत, कायमच्या दाताचा कोंब तयार होत असतो. दोघांमध्ये अंतर अगदी थोडे. वरून बसलेला धक्का थेट त्या कोंबाला पोहोचू शकतो. मग पाच-सहा वर्षांनी कायमचा दात उगवतो तो पांढरा किंवा तपकिरी डाग घेऊन, खडबडीत कवचाचा, कधी वाकडा, कधी उशिरा. मूल जितके लहान, तितका हा धोका जास्त. निखळलेला दुधाचा दात परत ढकलू नये असे सांगतात ते यासाठीच. तो दाबताना खालच्या कोंबाला इजा होऊ शकते.

लहान मुलांचे हाड मऊ असते. त्यामुळे मार लागल्यावर दुधाचे दात मोडण्यापेक्षा जागचे हलतात. कधी दात बाहेर येतो, कधी तिरका होतो, कधी हिरडीत पूर्ण शिरून दिसेनासा होतो. दात ‘पडला’ असे समजून पालक येतात आणि एक्स-रेमध्ये तो आत सापडतो. अशा आत गेलेल्या दुधाच्या दाताला बहुतेक वेळा ओढून बाहेर काढत नाहीत. वाट पाहतात. तो साधारण सहा महिन्यांत, कधी वर्षभरात, आपणहून पुन्हा खाली येतो. डॉक्टर ‘थांबू या’ म्हणतात तेव्हा त्यांना काही करायचे नाही असा त्याचा अर्थ नसतो. थांबणे हाच तिथे उपचार असतो. उलट, तिरका झालेला दात तोंड मिटण्याच्या आड येत असेल, किंवा इतका सैल असेल की मुलाच्या घशात जाण्याची भीती आहे, तर तो सरळ करणे किंवा काढणे भाग पडते.

मार लागल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दुधाचा दात करडा पडतो. पालक धास्तावतात. नुसता रंग बदलला म्हणून लगेच रूट कॅनाल करण्याची किंवा दात काढण्याची गरज नसते. काही वेळा रंग पुन्हा उजळतोही. मात्र हिरडीवर फोड येणे, पू येणे, सूज, दुखणे, दात पुन्हा हलू लागणे ही संसर्गाची चिन्हे आहेत. ती दिसली तर थांबू नये.

घरी काळजी घ्यायची ती साधी आहे. स्वच्छ कापडात बर्फ गुंडाळून ओठाला बाहेरून शेक द्यावा. आठ-दहा दिवस मऊ खाणे ठेवावे: वरणभात, खिचडी, पेज, उकडलेला बटाटा, केळे. चावून तोडायचे पदार्थ, म्हणजे भाकरीचा कडक पापुद्रा, चिक्की, ऊस, बंद ठेवावेत. तोंड दुखते म्हणून दात घासणे सोडू नये. मऊ ब्रश हलकेच फिरवावा, कारण हिरडी बरी होण्यासाठी स्वच्छता लागतेच. शक्य असेल तेवढे दिवस बाटली, चोखणी आणि अंगठा यांपासून मुलाला लांब ठेवावे. वेदनाशामक औषध डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेलेच द्यावे. लवंगतेल किंवा तंबाखूची मिश्री जखमेवर लावण्याचा मोह टाळावा.

दवाखान्यातली फेरी ही सुरुवात

परत बसवलेला कायमचा दात साधारण दोन आठवडे शेजारच्या दातांना लवचिक तारेने बांधून ठेवतात. टिटॅनसचे लसीकरण तपासतात, गरजेप्रमाणे प्रतिजैविके देतात. ज्या दाताच्या मुळाची वाढ पूर्ण झाली आहे, त्याचे रूट कॅनाल दोन आठवड्यांच्या आत सुरू करावे लागते. मूळ अजून वाढते असेल, तर त्यात पुन्हा रक्तपुरवठा सुरू होण्याची संधी असते, म्हणून थांबून लक्ष ठेवतात. उशिरा बसवलेला दात पुढे हाडाशीच घट्ट जुळून जातो आणि वाढत्या जबड्यात तो शेजारच्या दातांच्या मागे पडतो. तरीही तो बसवणे बहुतेक वेळा योग्यच ठरते, कारण त्याने हाड राखले जाते आणि मुलाची अवघड वर्षे निभावतात. पुढची तपासणी महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि त्यानंतर किमान पाच वर्षे दरसाल. दुखत नाही म्हणून या फेऱ्या बुडवल्या जातात, आणि नेमके तेव्हाच मूळ आतून विरघळत असते.

एक गोष्ट नाजूक असली तरी सांगायला हवी. चालायलाही न लागलेल्या बाळाचा वरच्या ओठाच्या आतला पडदा फाटलेला असेल, किंवा सांगितलेली कहाणी आणि जखम यांचा मेळ बसत नसेल, तर डॉक्टरांनी शांतपणे पुढचे प्रश्न विचारले पाहिजेत. बहुतेक दुखापती अपघातानेच होतात, आणि प्रत्येक आई-बापाकडे संशयाने पाहणे अन्यायाचे ठरेल. पण काही दुखापती अपघात नसतात, आणि त्या मुलांना स्वतःची बाजू मांडता येत नाही. अशा मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे.

पडणे टाळता येत नाही, आपटणे टाळता येते

मुलांना खेळूच देऊ नये, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. दात वाचवण्यासाठी बालपण घरात कोंडणे हा तोट्याचा सौदा आहे. बदलायच्या आहेत त्या आसपासच्या वस्तू आणि मोठ्यांच्या सवयी.

सुरुवात घरातून होते. ओल्या टाइल्स, मोज्यांवर धावणारी पावले, टीपॉयचे टोकदार कोपरे, पलंगाची कड, जिन्याला नसलेले दार. चाके लावलेला बसायचा वॉकर तर घरात आणूच नये. मूल त्यात उभे राहते तेव्हा त्याचा वेग त्याच्या समजेच्या पुढे जातो आणि जिना किंवा उंबरा आला की ते तोंडावर पडते. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवर बंदी घातली. आपल्याकडे ते आजही बारशाला भेट म्हणून येतात. त्यापेक्षा आजोबांच्या काळातला, मागून ढकलायचा लाकडी पांगुळगाडा मोठ्यांच्या नजरेखाली बरा. तोंडात ब्रश, पेन्सिल, शिट्टी किंवा काडी घेऊन मुलाने चालता-धावता कामा नये, हा नियम घरात एकदा पक्का करावा.

मग रस्ता. स्कूटरवर पुढे उभे केलेले मूल हे शहरातले रोजचे दृश्य आहे. अचानक ब्रेक लागला की त्याचे तोंड जाऊन आदळते ते थेट हँडलवर. केंद्र सरकारच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला बांधणारा सुरक्षापट्टा आणि मुलाला हेल्मेट बंधनकारक आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. चार वर्षांवरील मुलांना हेल्मेटची सक्ती मोटार वाहन कायद्यातच आहे. नियम आहे, पण शाळेच्या फाटकाशी सकाळी उभे राहिले की तो कितपत पाळला जातो ते दिसते.

शाळेत पाण्याच्या नळाशी होणारी रेटारेटी हे मुलांचे दात मोडण्याचे एक जुने कारण आहे. नळाला तोंड लावून न पिता पेला किंवा बाटली भरून घेणे आणि रांग लावणे, एवढ्याने ते कमी होते. झोपाळा आणि घसरगुंडीखाली फरशी किंवा काँक्रीट नको, वाळू किंवा रबराचे आच्छादन हवे. ज्या मुलांचे वरचे दात पुढे आलेले आहेत, त्यांना धोका जास्त असतो. अशांना वेळेत दंतवैद्याकडे नेऊन दात मागे घेण्याचा सल्ला घ्यावा. अंगठा चोखण्याची सवय कायमचे दात येण्याआधी सुटलेली बरी.

आणि मैदान. न्यूझीलंडमध्ये रग्बी हा घराघरातला खेळ. तिथे १९९८ च्या हंगामापासून सर्व वयोगटांच्या सामन्यांत माउथगार्ड सक्तीचे झाले. १९९५ ते २००३ या काळात रग्बीतील दंतइजांसाठीचे भरपाईचे दावे ४३ टक्क्यांनी घटले. मुले तीच, खेळ तोच, टक्करही तीच. फक्त दातांवर रबरी आवरण आले. आपल्याकडे कबड्डी, खो-खो, हॉकी, फुटबॉल, क्रिकेट खेळणारी मुले गुडघ्याला पट्टे बांधतात, पण तोंडाचा विचार कोणी करत नाही. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचे साधे माउथगार्ड खेळाच्या साहित्याच्या दुकानांत मिळते. दंतवैद्याने मापाने केलेले आणखी चांगले. शालेय क्रीडास्पर्धांत किमान टकरीच्या खेळांना ते आवश्यक करायला काय हरकत आहे?

एक पान, एक फोन, एक कप

या सगळ्यासाठी नवे मंत्रालय नको, नवी योजना नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत जात आहेत. त्यांनी प्रत्येक ठिकाणी भिंतीवर एक पान लावले, तरी काम सुरू होईल. त्यावर पाच ओळी पुरेत: दुधाचा दात परत बसवू नका, कायमचा दात मुळाला न धरता उचला, घासू नका, जागेवर बसवा, नाहीतर दुधात ठेवा, लगेच दंतवैद्य गाठा. त्याखाली जवळच्या दंतवैद्याचा आणि दंतशल्यचिकित्सक असलेल्या सरकारी रुग्णालयाचा फोन. हा फोन कोणाचा, हे प्रत्येक मुख्याध्यापकाने वर्ष सुरू होतानाच विचारून ठेवायला हवे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. पण निखळलेल्या दाताला मुंबई गाठण्याइतका वेळ नसतो. त्याचे भवितव्य बसथांब्याजवळच्या दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या हाताखाली आणि शिक्षकांच्या खोलीत ठरते.

म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणात या विषयाला अर्धा तास मिळायला हवा. खेळाच्या सरांना, अंगणवाडीताईंना, शाळेच्या बसमधल्या मावशींना आणि मुले सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनाही. डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात दात हा दुसऱ्या शाखेचा विषय मानला जातो. पण रात्री नऊ वाजता रक्ताळलेल्या तोंडाचे मूल घेऊन आलेल्या बापाला शाखा ठाऊक नसतात. त्याला जो डॉक्टर भेटतो, त्याला निदान दात दुधात टाकण्याएवढे माहीत असायला हवे.

आणि शेवटी, ज्या बाईंनी दात जपून कागदात गुंडाळला, त्यांना कोणी दोष देऊ नये. त्यांनी जे ठाऊक होते ते मनापासून केले. पुढच्या वेळी त्यांना थोडे अधिक ठाऊक असावे, इतकेच मागणे. पुढची वेळ येणारच आहे, कारण मुले धावणारच आहेत. तेव्हा शिक्षकांच्या खोलीतला चहा थोडा उशिरा झाला तरी चालेल.